आपला माणूस आणि बाकीचे : लुफीच्या नीतीचा हिशेब



तत्त्वज्ञानाच्या मालेत समुद्री चाच्यांच्या चित्रकथेचं काय काम, असा प्रश्न काहींच्या मनात येईल. त्याचं उत्तर साधं आहे. एइचिरो ओदा यांची 'वन पीस' ही जपानी चित्रकथा, म्हणजे मांगा, जुलै १९९७ मध्ये 'शोनेन जंप' या साप्ताहिकात सुरू झाली. तिचे शंभराहून अधिक खंड निघाले आणि ५० कोटींच्या वर प्रती जगभर गेल्या. इतकी माणसं इतकी वर्षं एका पात्राबद्दल 'हा चांगला की वाईट' म्हणून भांडतात, तेव्हा ती नीतिशास्त्राचीच चर्चा करत असतात. ती चर्चा कशी चालते आणि कुठे घसरते, ते आज पाहू.

ज्यांनी वाचलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मंकी डी. लुफी हा गवताची टोपी घालणारा, रबरासारखं अंग ताणू शकणारा पोरगा. त्याला चाच्यांचा राजा व्हायचंय. तो एकेक सोबती जमवतो : तलवारबाज झोरो, दिशादर्शक नामी, थापाड्या नेमबाज उसॉप, आचारी सांजी, पुढे रॉबिन, जिनबे वगैरे. जिथे जहाज लागतं तिथे कुणीतरी जुलमी सत्ताधीश असतो, आणि निघताना तो पडलेला असतो.

आता चाहत्यांचे दोन पक्ष. पहिला म्हणतो, लुफी हा मुक्तिदाता आहे. त्यानं किती देश सोडवले ते मोजा. दुसरा म्हणतो, छे, तो एक हट्टी मूल आहे. त्याला मांस हवं, मजा हवी, मित्र हवेत, आणि जग सुधारलंच तर ते वाटेत सुधारतं. दुसऱ्या पक्षाचा हुकमी एक्का म्हणजे मत्स्यमानवांच्या बेटावरचा प्रसंग. तिथे जिनबे त्याला वीर म्हणून पुढे यायला सांगतो. लुफी साफ नकार देतो. त्याचं म्हणणं असं की वीर असेल तो मांस वाटून टाकतो, आणि आपल्याला तर ते खायचंय. पहिला पक्ष हा विनोद म्हणून सोडून देतो. दुसरा त्यालाच जाहीरनामा मानतो.

आम्हाला वाटतं, दोन्ही पक्ष लुफीला दुसरंच काहीतरी बनवतायत. एक त्याचा संत करतो, दुसरा तान्हं बाळ. संताचे गुण गायचे असतात, बाळाला माफ करायचं असतं. दोन्हीकडे एक गोष्ट टळते, ती म्हणजे हिशेब.

म्हणून एक प्रसंग नीट बघू. साबाओदी बेटावर गुलामांचा लिलाव चाललाय. लुफीची मंडळी तिथे पोचतात, कारण केमी नावाची त्यांची जलपरी मैत्रीण विकायला काढलेली आहे. जगावर राज्य करणाऱ्या कुळांपैकी एक उमराव तिथे बसलाय. त्याच्या अंगाला हात लावला तर नौदलाचा अॅडमिरल चालून येतो, हे लुफीला सांगून ठेवलेलं आहे. हा उमराव हाची नावाच्या मत्स्यमानवावर गोळी झाडतो. लुफी शांतपणे त्याच्याकडे चालत जातो आणि त्याला ठोसा लगावतो.

चाहत्यांना हा प्रसंग फार प्रिय, आणि का नसावा? पण लक्ष द्या, ठोसा कधी बसतो. लिलाव चालू असताना नाही, हाचीला गोळी लागल्यावर. म्हणजे हा ठोसा गुलामगिरीला आहे, की मित्रावर गोळी झाडणाऱ्याला? वाद इथेच आहे.

आमचं उत्तर : मित्रावर गोळी झाडणाऱ्याला. आणि त्यात कमीपणा मानायचं कारण नाही. बर्नार्ड विल्यम्स या इंग्रज तत्त्वज्ञानं १९७६ च्या एका निबंधात बुडणाऱ्या माणसांच्या एका उदाहरणाचा विचार केलाय. दोघं बुडतायत, एकालाच वाचवता येईल, आणि त्यातली एक वाचवणाऱ्याची बायको आहे. तो नवरा जर असा विचार करू लागला की 'ही माझी बायको आहे, आणि अशा वेळी बायकोला वाचवणं नीतीला मान्य आहे', तर विल्यम्स म्हणतात, यातला एक विचार फाजील झाला. बायको बुडतेय, एवढं पुरे. लुफीकडे हा फाजील विचार मुळातच नाही, आणि म्हणून तो वाचकाला इतका आपलासा वाटतो.

या नीतीला मराठीत आयता शब्द आहे : 'आपला माणूस'. आता हा शब्द उच्चारला की आपल्याला दोन गोष्टी एकदम आठवतात, नाही का? रात्री-अपरात्री दवाखान्यात धावून येतो तो आपला माणूस. आणि 'आपलाच माणूस आहे, जरा सांभाळून घ्या' असं ज्याच्यासाठी कचेरीत सांगितलं जातं, तोही आपलाच माणूस. जिव्हाळाही त्यातला आणि वशिलाही त्यातलाच. लुफीची नीती तपासायची तर या दोन अर्थांमध्ये तो कुठे उभा आहे, हे बघावं लागेल.

त्याआधी नात्यांच्या वाचनाबद्दल थोडं. चाहत्यांचा मोठा वर्ग लुफीची जोडी लावण्यात गुंतलेला असतो. कुणी नामीशी लावतं, कुणी त्याच्यावर जीव टाकणाऱ्या बोआ हॅनकॉकशी, कुणी झोरोशी. आर्लाँगच्या जाचातली नामी रडत मदत मागते, तेव्हा लुफी आपली जिवापाड जपलेली टोपी तिच्या डोक्यावर ठेवतो. हा मोठा पुरावा म्हणून पुढे येतो. ओदांनी वाचकांच्या प्रश्नोत्तरांत सांगून टाकलंय की जहाजावरच्या मंडळींचं प्रेम साहसावर आहे. तरी वाद थांबत नाही.

आम्ही या वाचकांना हसणार नाही. टोपीच्या प्रसंगात काहीतरी फार मोठं घडतंय, हे त्यांनी बरोबर ओळखलंय. चूक पुढे होते. इतकं मोठं आहे म्हणजे ते प्रणयच असणार, अशी उडी ते घेतात. त्यात मैत्री ही खालची पायरी, असं न बोलता गृहीत धरलेलं असतं. अॅरिस्टॉटलनं 'निकोमाखीय नीतिशास्त्रा'ची दहापैकी दोन पुस्तकं, आठवं आणि नववं, मैत्रीला दिली. त्याला ती खालची वाटत नव्हती. दुसऱ्या बाजूला काही चाहते 'नाकामा' या जपानी शब्दाभोवती धूप फिरवतात, जणू त्याचं भाषांतरच होत नाही. जपानीत तो रोजचा शब्द आहे. मराठीत सोबती म्हणा, साथीदार म्हणा, सवंगडी म्हणा, काही अडत नाही. शब्दात गूढ काही नाही. त्या नात्यात काय काय मागितलं जातं, ते महत्त्वाचं.

तर काय मागितलं जातं? पहिली गोष्ट, लुफीचं दार उघडं आहे. नामीची बहीण तिची करुण कहाणी सांगायला लागते तेव्हा लुफी चक्क फिरायला निघून जातो. भूतकाळ ऐकून तो माणूस निवडत नाही. ज्या हाचीसाठी त्यानं ठोसा मारला, तो एकेकाळी आर्लाँगच्याच टोळीतला, म्हणजे नामीला छळणाऱ्यांपैकी. जन्म, जात, वंश पाहून 'आपला' ठरवणाऱ्या वशिल्याच्या जगापेक्षा हे फार वेगळं आहे.

दुसरी गोष्ट, आपला झाला म्हणून सूट मिळत नाही. जहाज सोडून देण्यावरून उसॉप लुफीशी भांडतो, द्वंद्व करतो, निघून जातो. नंतर तो परत येऊ बघतो तेव्हा झोरो ठणकावतो : आधी माफी, नाहीतर मी जातो. लुफीला तो परत हवा आहे, जीव तुटतोय, तरी तो थांबतो. माफी येते, मगच हात पुढे होतो. 'सांभाळून घ्या' याच्या हे बरोबर उलट आहे.

इथपर्यंत लुफी खरा उतरतो. आता अवघड भाग.

'आपला माणूस' नीतीची खरी कसोटी आमच्या मते एकच : आपल्या माणसासाठी आपण जे करतो, त्याची किंमत कोण मोजतो? तीन प्रसंगांना हा प्रश्न विचारून बघा.

पहिला, अलाबास्ताचं वाळवंट. राजकन्या विवीला देशातलं यादवी युद्ध असं थांबवायचंय की कुणीच मरू नये. लुफी तिला सुनावतो, अगदी मारामारी होते. त्याचं म्हणणं असं की माणसं मरतात, आणि तू फक्त तुझा एकटीचा जीव पणाला लावून भागेल असं समजतेस, आमचेही लाव. इथे किंमत मोजायला तो स्वतः पुढे येतो. उत्तर स्वच्छ आहे.

दुसरा, साबाओदीचा ठोसा. अॅडमिरल येतो, सगळ्यांचा पाडाव होतो, सोबती दिशादिशांना फेकले जातात आणि दोन वर्षं भेटत नाहीत. इथे किंमत त्याच्या माणसांनीही मोजली. पण धोका त्यांना ठाऊक होता आणि तेही त्याच्याबरोबर लढायला उतरले होते. उत्तर थोडं मळलेलं, तरी मान्य होण्यासारखं.

तिसरा, इंपेल डाउनचा तुरुंग. मानलेला भाऊ एस याला फाशीची शिक्षा झालीय. त्याला सोडवायला लुफी त्या पाताळी तुरुंगात घुसतो, आणि बाहेर पडताना कैद्यांचा लोंढा त्याच्याबरोबर सुटतो. त्यात क्रोकोडाइल आहे, ज्यानं विवीचा देश यादवीत ढकलला. लुफी आधी विरोध करतो, विवीच्या देशाची आठवण काढतो, आणि मग राजी होतो, कारण एससाठी बळ हवंय. या सुटलेल्या गुन्हेगारांची किंमत कोण मोजणार? ज्यांना लुफी कधी भेटला नाही, भेटणारही नाही, असे कुठल्यातरी बंदरातले लोक. त्यांना कुणी विचारलेलं नाही. आणि एवढं करून एस वाचत नाही.

इथे चाहत्यांची वकिली बघण्यासारखी असते. 'त्याचा हेतू तसा नव्हता.' 'भाऊ होता, तुम्ही काय केलं असतं?' 'शेवटी क्रोकोडाइल उपयोगीच पडला.' यातलं दुसरं उत्तर प्रामाणिक आहे. आम्हीही कदाचित तेच केलं असतं. पण 'मी तेच केलं असतं' म्हणजे 'ते बरोबर होतं' असं होत नाही. विल्यम्स यांचा तो फाजील विचार बुडणाऱ्या बायकोच्या बाबतीत फाजील आहे. बायकोला वाचवताना आपण दुसऱ्या कुणाला पाण्यात ढकलत असू, तर तो विचार फाजील राहत नाही.

रॉबिनचंही तसंच. ती क्रोकोडाइलची उजवा हात होती. अलाबास्ता सोडल्यावर ती जहाजावर येते आणि लुफी तिला सहज घेतो, कारण तिनं त्याचा जीव वाचवला होता. पुढे तिला जगायची इच्छा व्हावी म्हणून तो साऱ्या जागतिक सरकाराशी युद्ध पुकारतो. वाचताना गळा दाटतो. चाहते सांगतात, तिनं शिलालेखाबाबत क्रोकोडाइलला फसवलं होतं. खरं आहे. पण विवी मागे राहिली होती, आणि रॉबिनला घेताना तिला कुणी विचारलं नाही. याउलट जिनबे. आर्लाँग मोकाट सुटायला आपण कारण झालो, हे तो नामीसमोर स्वतः कबूल करतो, आणि आपला राग कुणावर ठेवायचा हे नामी ठरवते. क्षमा ज्याचं नुकसान झालं त्याची असते, हे ओदांना नक्की कळतं. म्हणूनच विवीच्या बाबतीतली जागा रिकामी दिसते.

हे वाचनाचं वळण आपल्याला अनोळखी नाही. १९६७ साली शिवाजी सावंतांची 'मृत्युंजय' आली आणि त्याच साली इरावती कर्व्यांचं 'युगान्त'. एका कर्णावर वाचकानं जीव ओवाळून टाकला, दुसऱ्या कर्णाकडे बाईंनी कोरड्या डोळ्यांनी पाहिलं. मित्रासाठी उभा राहणारा कर्ण आपल्याला इतका आवडतो की भर सभेत द्रौपदीची विटंबना झाली तेव्हा तो काय बोलला, हे मागे पडतं. किंमत तिनं मोजली होती.

मग लुफीबद्दल निकाल काय? ओदांनी पुढे वानो देशाच्या कथेत एक वाट दाखवलीय, असं आम्हाला वाटतं. तामा नावाची चिमुरडी स्वतः उपाशी राहून लुफीला भात देते. लुफी तिला शब्द देतो की आम्ही हा देश सोडू तोवर तुला रोज पोटभर जेवता येईल. आता एका मुलीला रोज पोटभर मिळायचं तर धान्य अडवून बसलेली राजवटच हलवावी लागते. मांस वाटायचं नाही म्हणणारा हा पोरगा तिथे लुटलेलं अन्न गावाला वाटतो. तो वीर झाला म्हणून नव्हे. एक मूल आपलं झालं, आणि त्या मुलापर्यंत पोचायच्या वाटेत सगळा गाव लागला. आपलेपणाचा प्रवास एका माणसाकडून अनेकांकडे होऊ शकतो. पण तामा भेटली म्हणून झाला. जिथे तामा भेटत नाही, तिथल्या लोकांसाठी या नीतीकडे शब्द नाही. त्यांच्यासाठी नियम लागतात, न्याय लागतो, अनोळखी माणसाचाही विचार करणारी रूक्ष व्यवस्था लागते. वन पीसमधलं सरकार सडलेलं आहे म्हणून आपल्याला तिची उणीव भासत नाही, इतकंच.

तेव्हा लुफीवर प्रेम करायला हरकत नाही, आम्हीही करतो. मात्र प्रेम करणाऱ्यानं त्याचा हिशेब टाळू नये. कारण ही सवय पुस्तकापाशी थांबत नाही. आपल्या आवडत्या नेत्याचं, गुरूचं, घरातल्या कर्त्या माणसाचं वागणं आपण असंच वाचतो : हेतू चांगला होता, आपल्यांसाठी केलं, पुढे उपयोगीच पडलं. तेव्हाही विचारायचा प्रश्न तोच आहे, किंमत कोणी मोजली, आणि त्याला विचारलं होतं का.

आज इथेच थांबू. रॉबिनला आपलं म्हणण्याचा लुफीला अधिकार होता का, यावर आपली मतं वेगळी असतील. प्रश्नोत्तरांची सुरुवात तिथूनच करू या.