मुसळीचे प्रादेशिक वैविध्य : एक आक्षेप

औषधी वनस्पतींच्या प्रादेशिक जनुकीय वैविध्याविषयी गेल्या तीन दशकांत जे लेखन झाले, त्याची आता एक ठरीव रीत बनली आहे. निरनिराळ्या प्रदेशांतून एकाच वनस्पतीचे नमुने आणावयाचे, त्यांच्या डीएनएवरील खुणा तपासावयाच्या, साम्यभेदांचा एक वृक्ष काढावयाचा आणि अमुक प्रदेशातील झाडे तमुक प्रदेशातील झाडांहून निराळी आहेत, असा निष्कर्ष मांडावयाचा. प्रस्तुत लेखक वनस्पतिशास्त्रज्ञ नाही. भाषाशास्त्र हा त्याचा विषय. परंतु ह्या रीतीतील पहिली पायरी, म्हणजे नमुन्याच्या चिठ्ठीवर नाव आणि गाव लिहिण्याची, ही मुळात भाषेचीच पायरी आहे. आणि आमचा आक्षेप तेथेच आहे.

सफेद मुसळीचे उदाहरण घेऊ. तिला ‘क्लोरोफायटम बोरिव्हिलिएनम’ हे नाव फादर संतापाव आणि फर्नांडिस यांनी १९५० च्या दशकात दिले. त्या नावात बोरिवली कायमची बसली. पण वनस्पती तेवढ्या टापूपुरती नाही. सुरगाणा व डांग ह्या सलग मुलखातही पहिल्या पावसाबरोबर मुसळीवर्गीय रोपांची पाने जमिनीतून वर येतात, आणि पावसाळा सरता सरता ती सुकून जातात. खोदणाऱ्याला हवी असतात ती मुळे. घरच्या बाईला हवी असतात ती कोवळी पाने. पानांच्या भाजीला कोठे फोडशी म्हणतात, कोठे कुलू. म्हणजे मुळाचे नाव एक आणि पानाचे नाव दुसरे. उलट ‘मुसळी’ ह्या एका शब्दाखाली याच प्रजातीतील दुसरी जातीही बाजारात विकली जाते. आणि ‘काळी मुसळी’ तर वेगळ्याच कुळातील वनस्पती आहे. शंखपुष्पीची कथा याहून बिकट. त्या एका संस्कृत नावावर निरनिराळ्या प्रांतांतील वैद्यांनी चार तरी वनस्पतींचा हक्क सांगितला आहे.

अशा स्थितीत ‘मुसळी, सुरगाणा’ एवढीच चिठ्ठी लावलेला नमुना प्रयोगशाळेत गेला, तर तेथे जो भेद सापडेल तो प्रदेशाचा की जातीचा, हे कशावरून ठरवावयाचे? फुलासह वाळवलेला नमुना एखाद्या मान्य संग्रहात ठेवून त्याचा क्रमांक दिला असेल, तर हा प्रश्न सुटतो. तो क्रमांक न देणारे निबंध आम्ही वाचले आहेत, आणि त्यांतील आकडेमोड कितीही सफाईची असली तरी ती आम्हांस पोकळ वाटते.

दुसरा मुद्दा सीमेचा. योहान्नेस श्मिट याने १८७२ साली भाषाकुलाच्या वृक्षकल्पनेस लहरींची कल्पना जोडली, तेव्हापासून बोलींचा अभ्यासक एवढे तरी शिकला आहे की, दूरदूरच्या दोन गावांचेच नमुने घेतले तर हळूहळू बदलत जाणारी बोलीही दोन स्वतंत्र बोलींसारखी भासते. जननशास्त्रात स्यूअल राइट याने १९४३ मध्ये अंतराबरोबर वाढणाऱ्या भेदाचे गणित मांडले. विचार तोच आहे. सुरगाणा हे १९४८ पर्यंत संस्थान होते. १९६० साली भाषावार राज्ये झाली तेव्हा सुरगाणा महाराष्ट्रात राहिला आणि डांग गुजरातेत गेला. मधमाशीस हा निर्णय कळविण्यात आला नव्हता! तरीही नमुने ‘महाराष्ट्र’ व ‘गुजरात’ अशा दोन रकान्यांत मांडले जातात आणि रकाने वेगळे म्हणून वनस्पतीही वेगळ्या मानल्या जातात. मधल्या गावांतील नमुने घेतल्यावाचून ही तफावत खरी की मांडणीतून उपजलेली, ते कळावयाचे नाही.

खुणांबद्दल फार लिहीत नाही. १९९० मध्ये पुढे आलेली आरएपीडी पद्धत स्वस्त व सुलभ म्हणून लोकप्रिय झाली. पण तिच्या खुणा प्रभावी स्वरूपाच्या असल्यामुळे संकरज व शुद्ध यांतील फरक त्या दाखवीत नाहीत, आणि एका प्रयोगशाळेचा निकाल दुसरीत हुबेहूब मिळेलच असेही नाही. त्यातच लागवडीची मुसळी बहुधा बियांपासून होत नाही. मुळांच्या झुबक्याचा माथा तोडून लावतात. मग एका शेतातील शंभर रोपे म्हणजे एकाच रोपाच्या शंभर प्रती असू शकतात. त्यांना त्या ‘प्रदेशाचे प्रातिनिधिक’ म्हणणे म्हणजे एका माणसाचे बोलणे शंभरदा नोंदवून गावाची बोली सांगणे होय.

ह्या हलगर्जीचा भार प्रयोगशाळेवर पडत नाही. २००२ च्या जैवविविधता कायद्याने स्थानिकांच्या लाभाचा प्रश्न मूळ स्थानाशी जोडला. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावरील हक्क मान्य केला. आणि २०२३ च्या दुरुस्तीने लागवडीतील औषधी वनस्पतींना बरीच मोकळीक दिली. तेव्हा रानातील मुसळी कोणती व शेतातील कोणती, आणि शेतातील रोप मुळात कोणत्या रानातून आले, हे सांगणारा पुरावा नसेल तर सुरगाण्याच्या ग्रामसभेच्या पदरात काय पडणार? चिठ्ठीवर गावाचे नाव आहे, पण रोप कोठून आले ते नाही, अशा नमुन्यावर कोणी दावा मांडू शकत नाही.

आमची मागणी म्हणून लहानशी आहे. संग्राहकाने नमुना खोदणाऱ्या व्यक्तीला त्या झाडाचे, त्याच्या पानाचे आणि मुळाचे नाव वेगवेगळे विचारावे. ते तिच्या उच्चारासह जसेच्या तसे टिपावे. आणि झाड आपोआप उगवलेले की लावलेले, हे त्याच कागदावर लिहावे. वनस्पतिशास्त्र विभागाने मागितल्यास ह्या नोंदीचा एक नमुना-तक्ता आम्ही करून देऊ.