न काढलेला घोडा

मंडळी, आता हॉवर्ड पाइल यांच्याकडे येऊ. अमेरिकेत विल्मिंग्टनला ते फी न घेता शिकवत. १९०२ साली विशीतला एन. सी. वायेथ तिथे आला. रेषा-रंग शिकलाच, पण खरा धडा वेगळा. हाणामारीचा कळस काढू नका, त्याच्या आधीची किंवा नंतरची घडी पकडा. लेसिंगने १७६६ मध्ये 'लाओकून'मध्ये हेच म्हटलं होतं : कळस दाखवला, की कल्पनेला काम उरत नाही.

वायेथने १९११ साली 'ट्रेझर आयलंड'मधला आंधळा प्यू काढला. गोष्टीत तो घोड्याच्या टापांखाली मरतो. चित्रात घोडाच नाही! रात्रीचा रस्ता, चाचपडणारी काठी, साथीदारांनी टाकलेला एकटा माणूस. दुष्टच तो, तरी आपल्याला कीव येते. घाईत वाचताना ती निसटते. म्हणून म्हणतो, चित्रकार लेखकाचा हरकाम्या नव्हे, गोष्टीचा पहिला टीकाकार आहे.