मारबत, बडग्या व मॅनिकिन

नागपूर शहरात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे भाद्रपद शुद्ध प्रतिपदेस, मिरवणुकीने काढल्या जाणाऱ्या व अखेरीस जाळून टाकल्या जाणाऱ्या भव्य मानवाकृतींना मारबत व बडग्या अशी नावे आहेत. मारबत स्त्रीरूप, तर बडग्या पुरुषरूप असतो. रोगराई, दुष्ट शक्ती व समाजाला छळणारे अनिष्ट यांना घेऊन जा, असे मारबतीला उद्देशून मोठ्याने म्हटले जाते. या आकृतींची दखल आजवर बहुधा लोकाचार या सदराखाली घेतली गेली आहे. कलेच्या इतिहासात त्यांना जागा मिळालेली नाही. याचे कारण त्यांच्या ठिकाणी कलागुण नाहीत हे नव्हे. माणसाच्या मापाची किंवा त्याहून मोठी, वस्त्रे नेसवलेली, तात्पुरती आकृती ही वस्तूच कलेतिहासाने बराच काळ विचारात घेतली नव्हती. पाश्चात्त्य कलेतील मॅनिकिनचा इतिहास पाहिल्यास हे स्पष्ट होते.

‘मॅनिकिन’ हा शब्द ‘लहान माणूस’ या अर्थाच्या डच शब्दापासून फ्रेंचमार्गे रूढ झाला. आज तो मुख्यत्वे कापडाच्या दुकानातील पुतळ्यासाठी वापरतात. तथापि कित्येक शतके तो चित्रकाराच्या कार्यशाळेतील एका साधनाचा वाचक होता. फ्लॉरेन्सचा चित्रकार फ्रा बार्तोलोम्मेओ (१४७२–१५१७) याने सांधे वाकवता येतील असा पुरुषभर उंचीचा लाकडी पुतळा वस्त्रांच्या चुण्यांच्या अभ्यासासाठी करवून घेतला होता, असे व्हाझारीने नमूद केले आहे. तो पुतळा पुढे व्हाझारीकडेच आला; तेव्हा त्याला कीड लागली होती. जिवंत माणूस फार वेळ निश्चल उभा राहू शकत नाही, आणि तो हलला की वस्त्राची चुणी बदलते. ही अडचण लाकडी पुतळ्याने दूर होई. निकोलास पूसँ (१५९४–१६६५) मेणाच्या लहान आकृती करून, त्यांना कापड गुंडाळून एका पेटीत मांडी आणि प्रकाश कोठून कसा पडतो ते पाहून चित्राची रचना ठरवी. चित्र पूर्ण झाले की पुतळी अडगळीत जाई, कारण तिचे अस्तित्व चित्रात जाणवू नये हाच तिच्या उपयोगाचा नियम होता. एकोणिसाव्या शतकापर्यंत, चित्रातील माणसे मॅनिकिनवरून काढल्यासारखी वाटतात, असे म्हणणे हा टीकाकारांचा ठरावीक आक्षेप होऊन बसला होता. एद्गार दगाने सु. १८७८ मध्ये रंगविलेल्या, सध्या लिस्बन येथील गुलबेंकियन संग्रहालयात असलेल्या चित्रात एक चित्रकार भिंतीला टेकून उभा आहे व त्याच्या पायांशी टोपी घातलेली स्त्रीची पुतळी कोलमडून पडली आहे. लपविण्याची वस्तू येथे प्रेक्षकांसमोर आणली आहे, म्हणूनच हे चित्र आजही अस्वस्थ करते.

विसाव्या शतकात ही वस्तू उघडपणे कलेचा विषय झाली. जॉर्जो दे कीरिको याच्या पहिल्या महायुद्धकाळातील चित्रांत, चेहरा नसलेल्या, शिंप्याच्या पुतळ्यांसारख्या आकृती रिकाम्या चौकात उभ्या किंवा बसलेल्या दिसतात. १९३८ साली पॅरिस येथील अतिवास्तववाद्यांच्या आंतरराष्ट्रीय प्रदर्शनात दुकानी मॅनिकिनांची एक रांगच प्रेक्षकांच्या वाटेवर उभी करण्यात आली होती. प्रत्येक पुतळी एकेका कलावंताने सजविली होती. आंद्रे मासाँने तिचे डोके पिंजऱ्यात घातले, तर मार्सेल द्यूशाँने तिला स्वतःचा कोट व टोपी चढवून कमरेखाली काहीच दिले नाही. कलेच्या इतिहासग्रंथांत मॅनिकिनचा प्रवेश साधारणपणे येथून सांगितला जातो. परंतु हा क्रम अपुरा आहे. कार्यशाळेतील गुप्त पुतळीच्या बरोबरीने, सार्वजनिक विधीसाठी केलेल्या व कधीच न लपविलेल्या प्रतिदेहांचा दुसरा प्रवाह यूरोपातही होता. इंग्लंडचा राजा तिसरा एडवर्ड याच्या १३७७ मधील अंत्ययात्रेसाठी केलेली त्याची लाकडी आकृती वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये अद्याप जतन केलेली आहे. फ्लॉरेन्सच्या एका चर्चमध्ये भाविकांनी नवस म्हणून वाहिलेल्या, खरे कपडे घातलेल्या मेणाच्या पुरुषभर आकृतींची एके काळी दाटी होती. त्यांकडे आबी वारबुर्खने १९०२ मध्ये लक्ष वेधले. व्हिएन्नाचा कलेतिहासकार यूलिउस फोन श्लोसर याने १९११ मध्ये मेणाच्या व्यक्तिप्रतिमांचा इतिहास लिहिला. खरा कपडा, खरे केस व रंगविलेली त्वचा असलेली आकृती अभिजात सौंदर्यकल्पनेला हीन वाटते, म्हणून ती इतिहासातून वगळली जाते, हे त्यामुळे ध्यानात आले.

नागपूरच्या मारबती या दुसऱ्या, न लपविलेल्या प्रवाहातील आहेत. ग्रामीण विदर्भात पोळ्याच्या वेळी दाराशी पळसाच्या डहाळ्या ठेवण्याची व दुसऱ्या दिवशी सकाळी त्या गावाच्या शिवेबाहेर नेऊन टाकण्याची चाल आहे. घरातील इडापिडा त्यांबरोबर जाते, ही त्यामागील श्रद्धा. नागपुरात या टाकून देण्याच्या क्रियेला देह मिळाला. काळ्या मारबतीची परंपरा १८८१ पासूनची व पिवळ्या मारबतीची १८८५ पासूनची मानली जाते. पिवळी मारबत जागनाथ बुधवारी भागातील तऱ्हाने तेली समाजाची आहे. काळी मारबत इतवारीतील नेहरू पुतळ्याच्या परिसरातून निघते. दोन्ही मारबतींची वाटेत भेट होते व ती पाहण्यासाठी पूर्व नागपूरच्या अरुंद रस्त्यांत प्रचंड गर्दी लोटते.

काळी मारबत कोणाची, याविषयी दोन कथा प्रचलित आहेत. एक पूतनेची आहे : कृष्णाने मारलेल्या राक्षसीचा देह गोकुळवासीयांनी गावाबाहेर नेऊन जाळला, त्याची ही स्मृती. दुसरी कथा ऐतिहासिक आहे. दुसऱ्या रघूजी भोसल्यांची विधवा बाकाबाई हिने इंग्रजांशी जुळवून घेतले, म्हणून जनतेने तिचा पुतळा जाळावयास आरंभ केला, असे सांगतात. बाकाबाईचे राजकारण हा वादाचा विषय आहे. आप्पासाहेब १८१८ मध्ये पदच्युत झाल्यावर अल्पवयीन तिसऱ्या रघूजीच्या नावे चाललेल्या कारभारात तिचे स्थान महत्त्वाचे होते, आणि १८५४ मध्ये राज्य खालसा झाल्यावरही ती हयात होती. परंतु ती १८५८ मध्ये वारली. परंपरा जर १८८१ ची मानली, तर तिच्या मृत्यूनंतर तेवीस वर्षांनी तिच्या पुतळ्याचे दहन सुरू झाले असे म्हणावे लागते. हे अशक्य नाही. तरीही मारबत हे मुळात बाकाबाईचे व्यक्तिचित्र आहे, यापेक्षा आधीच अस्तित्वात असलेल्या एका भयरूप स्त्रीदेहाला तिचे नाव मागाहून चिकटले, हे अनुमान अधिक सयुक्तिक वाटते. मॅनिकिनचे वैशिष्ट्यच असे, की त्याला स्वतःची ओळख नसते. कार्यशाळेतील एकच पुतळी सकाळी संत व दुपारी सेनापती होई. मारबतीनेही पूतना, बाकाबाई, पटकी, देवी, परकीय सत्ता असे अनेक अर्थ एकाच देहावर वागविले आहेत. स्वातंत्र्यानंतर परकीय सत्तेचा अर्थ गळाला; देह राहिला.

मारबतीचा देह बांबूचा असतो. कामट्यांचा सांगाडा सुतळीने बांधून त्यावर कागद व कापड चढवितात आणि मग रंग देतात. हा देह जवळून निरखण्यासाठी घडविलेला नाही. तो गर्दीच्या डोक्यांवरून, हलत्या गाड्यावर, क्षणभर दिसणार असतो. म्हणून डोळे व तोंड यांना शरीराच्या मानाने फार मोठी जागा दिली जाते, रंग सपाट व एकच असतो आणि मान, मनगट, बोटे यांचे तपशील थोडक्यात उरकलेले असतात. यास अकुशलता समजणे चूक होय. रथयात्रेतील मूर्ती किंवा रामलीलेतील रावण यांचे प्रमाणशास्त्रही असेच आहे. दोन मारबतींतील भेद तर केवळ रंग व मुद्रा यांवर उभा आहे. काळी अनिष्टाची, तर पिवळी रक्षणकर्ती मानली जाते. आणि तरीही दोघींचा शेवट अग्नीतच होतो. लोक लहान मुलांना मारबतीच्या पायांवर घालतात, नवस बोलतात व त्याच दिवशी तिला हाकलून लावतात. पूजा व हकालपट्टी या दोन भावना एकाच आकृतीवर एकवटलेल्या अशा क्वचितच आढळतात. पॅरिसच्या १९३८ च्या पुतळ्यांत हा द्विधाभाव कलावंतांनी योजून आणला होता; मारबतीत तो समाजाच्या वर्तनात आहे.

बडग्याचे तसे नाही. मारबतीचे रूप परंपरेने ठरलेले, तर बडग्या दर वर्षी नवा. महागाई, भ्रष्टाचार, दहशतवाद, एखादा पुढारी किंवा शेजारील राष्ट्र असा त्या वर्षीचा रोष त्याला अंगरख्यासारखा चढविला जातो. त्यामुळे बडग्यांची गुणवत्ता फार विषम असते. जेथे रोष आकृतीतून बोलतो, म्हणजे सुटलेले पोट, फाटका खिसा, उलटी टोपी, नको तेवढा लांब हात अशा युक्तीने विषय वाचल्याविना कळतो, तेथे बडग्या व्यंगचित्रकलेच्या बरोबरीने उभा राहतो. जेथे चेहऱ्याच्या जागी छापील छायाचित्र डकवून गळ्यात मजकुराच्या पाट्या अडकविल्या जातात, तेथे तो निव्वळ फलकाचा खांब होतो. फलक स्वस्त व झटपट छापून मिळू लागल्यावर हा मोह वाढणे स्वाभाविक आहे. पण त्यात कारागिराच्या हाताचे महत्त्व उणावते, हे नाकारता येणार नाही.

मारबतीचे दहन झाल्यानंतर सुमारे आठवड्याने विदर्भातील घराघरांत दुसरे प्रतिदेह उभे राहतात. ज्येष्ठा व कनिष्ठा या महालक्ष्म्या अनुराधा नक्षत्रावर येतात, ज्येष्ठावर जेवतात व मूळ नक्षत्रावर जातात. त्यांची रचना मॅनिकिनच्या व्याख्येत तंतोतंत बसते. खाली पत्र्याची किंवा लोखंडी कोठी, वर धड, बाजूस हात आणि त्यावर मुखवटा. या सुट्या भागांवर खरे लुगडे नेसवून, खरे दागिने घालून बाई उभी केली जाते. काही घरांत कोठीच्या पोटात धान्य भरतात. मुखवटा पिढीजात असतो, त्यात बदल होत नाही. दर वर्षीचे कौशल्य निऱ्यांत व पदरात दिसते. कापड आखूड पडले, धड पुढे झुकले, एक हात वर गेला की घरातील जाणती बाई सगळे सोडून पुन्हा नेसविते. फ्रा बार्तोलोम्मेओने लाकडी पुतळ्यावर जो अभ्यास केला, तोच हा होय. फरक इतकाच, की येथे त्यातून चित्र काढावयाचे नसते, नेसविलेली आकृती हीच अंतिम कृती. गणपतराव म्हात्रे यांनी विद्यार्थिदशेत १८९६ मध्ये प्लॅस्टरमध्ये केलेल्या ‘मंदिरपथगामिनी’ या शिल्पात नेसलेल्या लुगड्याच्या ओळी देहाच्या हालचालीशी किती सहजपणे मिळविल्या आहेत, याची वाखाणणी योग्यच आहे. परंतु त्या ओळींची जाण महाराष्ट्रात ज्या हातांनी पिढ्यानपिढ्या टिकविली, त्या हातांच्या कामाला शिल्पाच्या चर्चेत उल्लेखापुरतेही स्थान मिळत नाही. या बाबतीत इतवारीतील कापड दुकानदार अधिक चोखंदळ म्हणावा लागेल. पुतळीला साडी नीट नेसविता येणाऱ्याची किंमत त्याला कळते, जरी त्या पुतळीचा गुलाबी चेहरा कोणत्याही वऱ्हाडी मुलखातला नसला तरी.

मारबत व महालक्ष्मी या दोन्ही प्रकारांत वस्तू कायम उभी राहत नाही. एक जळते, दुसरी सुटी होऊन पेटाऱ्यात जाते. जतन केलेल्या वस्तूंवर आधारलेल्या कलेतिहासाला याच ठिकाणी अडचण येते. नागपूरचे मध्यवर्ती संग्रहालय, लोकांच्या तोंडचा अजब बंगला, १८६३ मध्ये स्थापन झाले, म्हणजे काळ्या मारबतीच्या रूढ आरंभवर्षाच्या अठरा वर्षे आधी. एकाच शहरात वस्तू सांभाळण्याची व वस्तू संपविण्याची अशा दोन्ही संस्था जवळजवळ एकाच पिढीत रुजल्या. स्पेनमधील व्हॅलेन्सिया येथे मार्च महिन्यात उपरोधिक पुतळे जाळण्याचा मोठा उत्सव होतो. तेथे १९३४ पासून लोकमताने एक पुतळा जाळण्यातून वाचवितात व तो संग्रहालयात ठेवतात. २०१६ मध्ये युनेस्कोने त्या उत्सवाची नोंद मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत केली. बडग्यांच्या बाबतीत असा मार्ग पत्करण्यास हरकत नाही, कारण बडग्या ही एका वर्षाची टीका आहे व वाचविलेला बडग्या त्या वर्षाचा दस्तऐवज ठरेल. मारबतीला मात्र तो लागू करणे इष्ट वाटत नाही. न जाळलेली मारबत ही अनिष्ट घरातच ठेवल्यासारखी होईल. तिच्या भक्तांना ते पटणार नाही, आणि आकृतीचा अर्थही त्यात उरणार नाही. २०२० मध्ये करोनाच्या साथीमुळे मिरवणुकीवर निर्बंध आले, तेव्हा रोगराई घेऊन जाण्यासाठी असलेल्या आकृतीलाच रोगराईने अडविल्याचा विलक्षण प्रसंग ओढवला.

मारबतीच्या बाबतीत जतन करावयाचे ते तिच्या घडणीचे ज्ञान : सांगाड्याची मापे, कामट्या बांधण्याचा क्रम, कागदाचे थर, रंगाची निवड आणि घडविणाऱ्या कारागिरांची नावे. मिरवणुकीच्या छायाचित्रांत रंग, गुलाल व गर्दी येते. सांगाडा येत नाही. तो दिसतो पोळ्यापूर्वीच्या दिवसांत, कागद चढण्याआधी, जेव्हा बांबूच्या त्या पोकळ बाईच्या आरपार पलीकडच्या घराचे दार दिसत असते.