वाळीत टाकण्याचा हक्क : एका मर्यादेची चिकित्सा

रायगडच्या किनारपट्टीवरील गावांत गावकीने एखादे कुटुंब वाळीत टाकले की पाणवठा, किराणा, लग्नकार्य, प्रसंगी मयताला खांदा देणारेही तुटतात. अशा घटनांच्या पार्श्वभूमीवर महाराष्ट्राने सामाजिक बहिष्कारविरोधी अधिनियम, 2016 केला व तो 2017 मध्ये अंमलात आला. शिक्षा 3 वर्षांपर्यंत कारावास अथवा 1 लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

तथापि या अधिनियमामागे एक जुनी अडचण उभी आहे. मुंबई प्रांताचा 1949 चा बहिष्कृतीविरोधी कायदा सर्वोच्च न्यायालयाने 1962 मध्ये दाऊदी बोहरा प्रकरणात 4 विरुद्ध 1 मताने रद्द ठरविला. बहुमताने अनुच्छेद 26 खालील पंथाची स्वायत्तता जपली. बहिष्कृताचे नागरी जीवन मात्र दुय्यम ठरले. सरन्यायाधीश सिन्हा यांचे भिन्नमतच आज अधिक पटते.

युरोपीय मानवी हक्क करारात (1950) धर्म व संघटन स्वातंत्र्यावरील निर्बंधासाठी ‘इतरांचे हक्क व स्वातंत्र्य यांचे रक्षण’ हे कारण स्पष्ट नोंदविले आहे. निर्बंध कायद्याने विहित व लोकशाही समाजात आवश्यक असावा, ही अट. आपल्या अनुच्छेद 19(4) व 26 मध्ये हे शब्द नाहीत. गावकी धार्मिक पंथ नसल्याने तिला अनुच्छेद 26 चा आधार नाही, हे खरे. परंतु संघटन स्वातंत्र्याचा दावा ती करू शकते. मग ‘नीतिमत्ता’ या एकाच शब्दावर सारा भार येतो. 2023 मध्ये 5 न्यायमूर्तींच्या पीठाने 1962 च्या निर्णयाचा प्रश्न 9 न्यायमूर्तींकडे सोपविला, त्यात याच शब्दाच्या अर्थाचा प्रश्नही होता.