आसूड कोणाच्या पाठीवर?

‘त्यांना विनोदच कळत नाही’ हे वाक्य आपल्याकडे निकालासारखे वापरले जाते. निकाल देणारा स्वतः कोणत्या बाजूला बसला आहे, याची नोंद मात्र त्यात नसते. शंकर यांच्या एका व्यंगचित्राच्या वादाची कात्रणे वाचताना हे वाक्य मला वारंवार भेटले, म्हणून हा तपास.

चित्र १९४९ सालचे. ‘राज्यघटना’ नावाच्या गोगलगायीवर डॉ. बाबासाहेब आंबेडकर बसले आहेत, त्यांच्या हातात आसूड आहे. मागे पंडित नेहरू, त्यांनीही आसूड उगारलेला. भोवती बघ्यांची गर्दी. संविधान सभेची पहिली बैठक ९ डिसेंबर १९४६ रोजी झाली आणि घटना स्वीकारली गेली २६ नोव्हेंबर १९४९ रोजी. म्हणजे विषय उघड होता : दिरंगाई.

२००६ मध्ये हे चित्र एनसीईआरटीच्या अकरावीच्या राज्यशास्त्राच्या पुस्तकात आले. मे २०१२ मध्ये त्यावरून संसदेत गदारोळ झाला, सरकारने चित्र मागे घेतले. पुस्तकाचे सल्लागार सुहास पळशीकर आणि योगेंद्र यादव यांनी राजीनामे दिले. पळशीकरांच्या पुणे विद्यापीठातील कार्यालयाची मोडतोडही झाली.

सगळा वाद एका प्रश्नाभोवती फिरला : नेहरूंचा आसूड कोणावर? नेहरू मागे उभे आहेत, त्यामुळे त्यांच्या टप्प्यात गोगलगायही येते आणि स्वारही. रेषा याचे उत्तर देत नाही. ते पाहणारा देतो. ज्याच्या आजा-पणज्याच्या पाठीवर आसूड पडलेला नाही, त्याला गोगलगाय दिसते. ज्याच्या घरात ती आठवण आहे, त्याला आधी पाठ दिसते. जोतीरावांनी आपल्या ग्रंथाच्या नावात आसूड शेतकऱ्याच्या हाती दिला, तो उगाच नव्हे. आसूड कोणाच्या हाती, यावर त्याचा अर्थ ठरतो.

मानसशास्त्राने हा प्रश्न जुन्या काळीच हाताळला आहे. १९३४ मध्ये अमेरिकेत वुल्फ, स्मिथ आणि मरे या संशोधकांनी ज्यूंची टर उडवणारे विनोद ज्यू आणि ज्यूतर लोकांपुढे ठेवले. ज्यूंना ते कमी हसू आणणारे वाटले, यात नवल नाही. नवल पुढे आहे. तुलनेसाठी घेतलेले स्कॉटिश लोकांवरचे विनोदही ज्यूंना कमी रुचले. त्याचे एक स्पष्टीकरण असे की, चिकटपणाचा जो शिक्का स्कॉटिश माणसावर, तोच ज्यूंवरही मारलेला होता. म्हणजे माणूस केवळ आपल्या जातीचे किंवा धर्माचे नाव ऐकून दुखावत नाही. आपल्यावरचा शिक्का दुसऱ्याच्या कपाळी दिसला तरी त्याचे हसू आटते.

अमेरिकेतच थॉमस फोर्ड आणि सहकाऱ्यांनी नंतर दुसरी बाजू तपासली. स्त्रियांची अवहेलना करणारा विनोद ऐकून कोणी एकाएकी स्त्रीद्वेष्टा होत नाही. पण ज्यांच्या मनात तो द्वेष आधीच आहे, त्यांची भेदभाव खपवून घेण्याची तयारी अशा विनोदानंतर वाढते. विनोद पूर्वग्रह पेरत नसेल, पण त्याला परवाना देतो.

म्हणून एकच चित्र सुटे काढून ‘यात अपमान कुठे आहे?’ असे विचारणे मला अपुरे वाटते. उन्नमती श्याम सुंदर यांनी १९३२ ते १९५६ या काळातील आंबेडकरांवरची शंभरावर व्यंगचित्रे २०१९ मध्ये पुस्तकरूपाने एकत्र आणली. ती सलग पाहिली की जे एकेका चित्रात गंमत वाटते, ते रांगेत सवय म्हणून दिसते. शंकर यांचा हेतू निर्मळ मानला तरी त्यांचे चित्र या रांगेतच येते, हे विसरता येत नाही.

मात्र संसदेतला संताप सगळा एकाच जातीचा नव्हता. बाबासाहेबांच्या चित्रापासून सुरू झालेली चर्चा पाहता पाहता पाठ्यपुस्तकांतील सर्वच राजकारण्यांच्या व्यंगचित्रांवर गेली. पुढे थोरात समितीने अनेक चित्रे वगळण्याची शिफारस केली, तिच्यातील एम. एस. एस. पांडियन यांनी भिन्नमत नोंदवले. दुखावलेला गट दलितांचा होता. त्याच्या आडोशाला आणखी एक गट येऊन बसला, सत्ताधाऱ्यांचा. दोघांच्या दुखण्याला एकच माप लावणे हा दलितांवरचा दुसरा अन्याय होय.

पु. लं.नी पुणेकरांची यथेच्छ टिंगल केली आणि पुणेकरांनीच ती डोक्यावर घेतली. त्यावरून त्यांच्या खिलाडूपणाचे कौतुक होते. पण पुणेकर असल्यामुळे कोणाला पाणवठ्यावरून हाकलले गेले नव्हते. हसून सोडून देणे ज्याला परवडते, त्याने ते न परवडणाऱ्याला रसिकतेचे धडे देऊ नयेत.

माझे मत असे की, शंकर यांचे चित्र वर्गात राहायला हवे होते. मोडतोडीने काहीच सिद्ध झाले नाही, आणि चित्र पुसल्याने ती रांगही नजरेआड झाली. पुस्तकाची उणीव चित्र निवडण्यात नव्हती. चित्र पाहणारा विद्यार्थी एकाच प्रकारचा असेल, हे गृहीत धरण्यात होती. त्या पानावर आणखी एक प्रश्न छापायला हवा होता : हे चित्र पाहून कोणाला हसू येईल, कोणाला येणार नाही, आणि का? घटनेने दिलेली समता वर्गात उतरवायची, तर सुरुवात या प्रश्नापासून होऊ शकते.