मागचं पान नसलेला तपास

ऑडिओबुक ऐकणं म्हणजे वाचन का? माझा पीएचडीचा विषय (वाचताना डोळे कसे फिरतात) कळला की हा प्रश्न हमखास येतो. त्याचं एक उत्तर बर्कलीच्या प्रयोगशाळेतून आलेलं आहे. 2019 मध्ये फातमा डेनिझ आणि जॅक गॅलंट यांच्या गटाने नऊ जणांना त्याच गोष्टी एकदा ऐकवल्या, एकदा वाचायला दिल्या आणि दोन्ही वेळा एफएमआरआय स्कॅन काढले. शब्दांचे अर्थ मेंदूत कुठे उमटतात याचे दोन्ही नकाशे जवळजवळ सारखे निघाले.

पण मंडळी, हे उत्तर अर्थापुरतं आहे. रहस्यकथेत नुसता अर्थ कळून भागत नाही. चाळिसाव्या पानावर कोण काय बोललं, ते तीनशेव्या पानावर आठवावं लागतं. म्हणून परीक्षेला एक खुनाची कादंबरीच घेतली, होली जॅक्सनची 'अ गुड गर्ल्स गाईड टू मर्डर'. किशोरवयीन वाचकांसाठीची, इंग्लंडमध्ये 2019 साली आलेली. उकल सांगणार नाही, निर्धास्त वाचा.

पाच वर्षांपूर्वी अँडी बेल ही शाळकरी मुलगी नाहीशी झाली. पाठोपाठ तिचा बॉयफ्रेंड सल सिंग मेलेला सापडला. त्याच्या फोनवरून वडिलांना कबुलीचा मेसेज गेला होता. झालं, गावाने निकाल लावला. आरोपीच जिवंत नाही म्हटल्यावर खटला कुठला उभा राहणार? आता पिप नावाची मुलगी शाळेच्या प्रोजेक्टसाठी हाच विषय घेते आणि सलचा भाऊ रवी तिच्यासोबत येतो.

आता थोडं डोळ्यांविषयी. आपण सरळ पुढे पुढे वाचत जातो असं वाटतं, पण इंग्रजी वाचताना डोळ्यांच्या साधारण 10 ते 15 टक्के उड्या मागे जाणाऱ्या असतात. शॉटर, ट्रॅन आणि रेनर यांनी 2014 मध्ये या उड्या निरुपयोगी करून पाहिल्या. नजर शब्दावरून पुढे गेली की तो शब्द झाकला जायचा, त्यामुळे मागे वळून काही मिळायचं नाही. वाचलेलं कमी समजलं. श्रोत्याची अवस्था कायम हीच असते. तीस सेकंद मागे जायचं बटण असतं, मान्य. पण भांडी घासताना ओल्या हाताने ते कोण दाबतं?

या कादंबरीत मात्र ते फारसं दाबावं लागत नाही, आणि त्याचं श्रेय पिपच्या प्रोजेक्टला आहे. ती नोंदवही ठेवते. प्रत्येक मुलाखतीनंतर आज काय कळलं, कोण खोटं बोललं असावं, संशयितांच्या यादीत कोणाची भर पडली, हे लिहून काढते. कागदावर अशी उजळणी वाचताना मी दोन-तीन ओळी गाळल्या असत्या, 'अगं, कळलं, पुढे चल' म्हणत. कानाला मात्र तीच उजळणी लागते. डोळ्याने मागे मारायची उडी इथे नायिकाच आपल्या वतीने मारते. जॅक्सनने हे ऑडिओसाठी योजलं असेल असं मी म्हणत नाही. प्रोजेक्ट म्हटला की नोंदी आल्याच. पण पुस्तक कानाला इतकं सोपं जातं ते त्यामुळेच.

नकाशा आणि अँडीच्या डायरीतली आद्याक्षरं यांचं मात्र नुकसान होतं. ती डोळ्यांनी न्याहाळायची गोष्ट आहे.

खरा घोळ मुलाखतींत आहे. पुस्तकात त्या उतरवून काढलेल्या दिसतात, नाटकाच्या संहितेसारख्या. मी ऐकलेल्या अमेरिकी आवृत्तीत (तिथे गावही इंग्लंडमधून उचलून कनेटिकटमध्ये नेलंय) अनेक कलाकारांनी आवाज दिलेत. ऐकायला मजा येते, मी दोन बस सोडल्या. पण कागदावरचं 'मला आठवत नाही' हे फक्त 'मला आठवत नाही' असतं. नटाने त्याआधी अर्धा सेकंद श्वास घेतला की कान लगेच म्हणतो, हा लपवतोय. तो श्वास लेखिकेने लिहिलेला नाही. मुलाखतींवर संशोधन करणाऱ्या माझ्या मैत्रिणी याच कारणाने थांबे आणि हुंकार वेगळ्या खुणांनी नोंदवतात. लिहिताना काय गळतं आणि बोलून दाखवताना काय आपोआप घुसतं, हा त्यांच्याकडे रोजचा वाद असतो.

आणि हे या गोष्टीत जास्त बोचतं, कारण सलवर ठपका आला तो एका आवाज नसलेल्या मेसेजमुळे. फोन त्याचा, म्हणजे शब्दही त्याचेच, असं सगळ्यांनी धरलं. बाकीचं काम ऐकीव गोष्टींनी आणि सिंग कुटुंबाच्या वेगळेपणाने केलं. आता तोच मेसेज आपण दुसऱ्याच कोणाच्या आवाजात ऐकतो. मेसेज वाचून दाखवताना जरा जरी दुःख मिसळलं, तरी आपण सलविषयी काहीतरी ठरवून बसतो. मला वाटतं असे मजकूर सपाट वाचायला हवेत, स्टेशनवरच्या घोषणेसारखे. नाट्य कमी होईल, होऊ दे. तपास श्रोत्याला करायचा आहे.

पिपच्या पद्धतीवर संशोधक म्हणून माझे आक्षेप आहेतच. ती खोटं सांगून माहिती काढते. आमच्या एथिक्स कमिटीने पहिल्याच बैठकीत फाईल परत पाठवली असती. पण सुरुवातीलाच 'सल निर्दोष असावा' असं धरून निघालेली ही मुलगी जवळच्या माणसांची नावंही यादीत घालते आणि त्याचे परिणाम भोगते. तेवढं धैर्य फार प्रबंधांत दिसत नाही.

ऐकणार असाल तर वेग दीडपट करू नका. निवेदक साधारण मिनिटाला 150-160 शब्द वाचतात. ब्रिसबार्ट यांच्या 2019 च्या आढाव्यानुसार इंग्रजी कादंबरी मनात वाचण्याचा सरासरी वेग 260 च्या आसपास आहे. ऐकताना मिळालेल्या त्या सवडीतच मी दोन संशयित खोडले होते. पुढच्या भागात पिप स्वतःच पॉडकास्ट करते, म्हणजे तो कानासाठीच जन्मलेला. मी तो मुद्दाम छापील मागवलाय.