‘स्मृतिचित्रे’: विनोदापलीकडील श्रद्धा

लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’ (१९३४–३७) या आत्मकथनाची चर्चा बहुधा विनोदापाशीच थबकते. नारायण वामन टिळकांच्या धर्मांतराने (१८९५) ओढवलेली ताटातूट त्या विनोदामुळे सुसह्य भासते, हे खरे. परंतु तिचा आध्यात्मिक आशय झाकोळतो. दुःख ही ईश्वरी योजनाच होती, असा उत्तरकालीन खुलासा लक्ष्मीबाई त्या वर्षांवर सहसा लादत नाहीत. त्यांचे परिवर्तन घडते सोवळ्याओवळ्याच्या, अन्नपाण्याच्या प्रश्नावर: जातिभेद मनुष्यनिर्मित असल्याची जाणीव आधी, बाप्तिस्मा नंतर, १९०० मध्ये. धर्मशास्त्रीय परिभाषा जवळजवळ नाही, म्हणून श्रद्धाही वरवरची मानणे अन्यायाचे ठरेल. टिळकांच्या निधनाने (१९१९) अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ पुढे नेले ते याच लेखिकेने.